विस्कटलेल्या फाइलचा भुर्दंड

आमच्या वाचनालयाच्या अनुदानाचा अर्ज मागच्या वर्षी मी भरला. नमुना वर्डच्या फाइलमध्ये आला होता आणि खाली ठळक अक्षरांत सूचना होती: अर्ज 'डॉक्स' स्वरूपातच पाठवावा, अन्य स्वरूपातल्या अर्जांचा विचार होणार नाही. वाचनालयाचा कॉम्प्युटर एका सभासदानं दिलेला, जुना. त्यावर वर्डऐवजी लिबरऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, कारण वर्डच्या लायसन्सच्या पैशांत आमचे वर्षाचे दिवाळी अंक येतात. अर्ज भरला, सहा रकान्यांचा तक्ता होता तोही भरला, 'डॉक्स' म्हणून सेव्ह करून पाठवून दिला. तीन दिवसांनी फोन आला.

"सर, तुमचा तक्ता पानाबाहेर गेलाय. आणि अध्यक्षांच्या सहीची जागा कोऱ्या पानावर एकटीच आलीय."

"माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय."

"मग तुमच्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी असणार. बाकी कुणाचं असं होत नाही."

दुसऱ्या दिवशी एका सभासदाच्या मुलाच्या लॅपटॉपवर वर्डमध्ये अर्ज पुन्हा भरला. दोन तास गेले. अनुदान मिळालं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण 'बाकी कुणाचं असं होत नाही' हे वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. त्यात या सगळ्या प्रकरणाची मेख आहे.

फाइल फॉरमॅटची चर्चा आपल्याकडे निघाली की ती लगेच फुकट विरुद्ध विकत, परकी कंपनी विरुद्ध मुक्त सॉफ्टवेअर अशा ओळखीच्या वळणावर जाते. मला ते वळणच चुकीचं वाटतं. दोन प्रोग्रॅमचं एकमेकांशी जमत नसेल तर त्याचा भुर्दंड कुणीतरी भरतोच. वेळेच्या रूपानं, पुन्हा टायपिंगच्या रूपानं, कधी हुकलेल्या मुदतीच्या रूपानं. आणि तो नेहमी गरजू पक्षच भरतो: अर्जदार, भाषांतरकार, छोटा पुरवठादार, प्रबंध सादर करणारा विद्यार्थी. समोरच्या मोठ्या टेबलावर जे सॉफ्टवेअर असेल ते आपोआप 'बरोबर' ठरतं आणि दुसरं सगळं बिघडलेलं. फॉरमॅट जो ठरवतो त्याला भुर्दंड पडत नाही, आणि ज्याला पडतो त्याला कुणी विचारत नाही. मग बदल व्हावा कशाला?

आता जरा फाइलच्या आत डोकावू. कुठल्याही 'डॉक्स' फाइलच्या नावाचं शेपूट बदलून 'झिप' करा आणि ती उघडा. आत फोल्डर निघतात, आणि त्यांतल्या एका फाइलमध्ये तुमचा सगळा मजकूर एक्सएमएलच्या खुणांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. लिबरऑफिसच्या 'ओडीटी' फाइलचंही तेच. दोन्ही झिप, दोन्हींत एक्सएमएल, आणि झिप सोडवल्यावर ते एक्सएमएल नोटपॅडमध्येही वाचता येतं. मग भांडण कशाचं? फाइलमध्ये मजकूर असतो आणि सूचना असतात: हा फाँट, एवढा आकार, एवढी समासाची जागा. पण ओळ नेमकी कुठं तुटणार, तक्ता कुठल्या पानावर जाणार हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. तो हिशेब फाइल उघडणारा प्रोग्रॅम करतो. पाककृतीत 'मीठ चवीनुसार' लिहिलेलं असतं तसं हे आहे. एकाच घरात शिजत होतं तोवर कुणाला कळलंही नाही. शेजारच्या घरी पातेलं गेलं आणि आमटी खारट झाली.

मराठीच्या बाबतीत हे 'चवीनुसार' जरा जास्तच होतं. 'डॉक्स'मध्ये अक्षरांचा आकार दोन ठिकाणी लिहावा लागतो. 'एसझेड' ही खूण रोमनसारख्या लिप्यांसाठी आणि 'एसझेडसीएस' ही तथाकथित गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. देवनागरी या दुसऱ्या गटात येते. (आकडे अर्ध्या पॉइंटांत असतात, म्हणजे १२ पॉइंट हवे असतील तर आत २४ लिहिलेले सापडतात.) एखाद्या प्रोग्रॅमनं फक्त पहिलाच आकडा लिहिला की शीर्षकातले इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी शब्द आपल्या मूळ आकारात अंग चोरून बसतात. ठळक करण्याच्या खुणाही अशाच दोन. आणखी गंमत म्हणजे मजकूर मराठी आहे हे ज्या खणात नोंदवायचं त्याचं नाव 'बायडी', म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीचा खण. अरबी, हिब्रू आणि आपली मराठी एकाच डब्यात. 'ओडीटी' ज्या कुळातलं आहे त्या 'ओडीएफ' स्वरूपातही हीच विभागणी आहे, फक्त नावं वेगळी. तेव्हा एका कंपनीला दोष देऊन सुटका नाही.

त्यात फाँटची भर. विंडोजवर मराठी मजकूर बहुधा मंगल, कोकिळा किंवा निर्मला या फाँटांत असतो. हे फाँट मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखालचे. आमच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्यावर ते नाहीत. तिथं त्यांच्याऐवजी लोहित किंवा नोटो येतो. इंग्रजीत या अडचणीवर तोडगा निघालेला आहे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ असे फाँट मुद्दाम बनवले गेले. त्यांतल्या प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फाँटातल्या अक्षराइतकीच ठेवलेली असल्यामुळे फाँट बदलला तरी ओळी हलत नाहीत. मंगलला किंवा कोकिळेला असा जुळा भाऊ कुणी घडवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. कोकिळा त्याच आकारात मंगलपेक्षा कितीतरी बारीक दिसते, म्हणून लोक तिचा आकार १६-१८ करून ठेवतात. तिच्या जागी दुसरा फाँट आला की तक्ता पानाबाहेर जाणारच. आमचा अर्ज माझ्या चुकीनं विस्कटला नव्हता आणि त्या कारकुनाच्याही नाही. पण दोन तास माझे गेले.

या भांडणाचा इतिहास फार जुना नाही. 'ओडीएफ' हे खुलं स्वरूप ओएसिस या संस्थेनं २००५ मध्ये मंजूर केलं आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कागदपत्रं खुल्या स्वरूपात ठेवायचं ठरवलं आणि मोठं वादळ उठलं. मायक्रोसॉफ्टनं आपलं 'ओओएक्सएमएल', म्हणजे आजचं 'डॉक्स' आणि त्याची भावंडं, एक्मा या संस्थेकडून डिसेंबर २००६ मध्ये मानक म्हणून मान्य करून घेतलं आणि मग जलदगती मार्गानं आयएसओकडे नेलं. मानकाची पानं सुमारे ६०००. सप्टेंबर २००७ मधल्या मतदानात ते अडलं. मार्च २००८ मध्ये देशांनी पुन्हा मतं दिली, तेव्हा तटस्थ राहिलेले सोडून ३२ प्रमुख सदस्यांपैकी २४ बाजूनं गेले आणि ते मंजूर झालं. भारतानं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोनं, दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. एवढंच नाही, तर निकालानंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएलाबरोबर भारतानं रीतसर अपीलही केलं. ऑगस्ट २००८ मध्ये ही अपिलं फेटाळली गेली. आज ज्या देशातली कार्यालयं 'डॉक्स'शिवाय अर्ज घेत नाहीत, त्याच देशानं 'डॉक्स'च्या मानकाला जागतिक व्यासपीठावर नकार दिला होता, हे फार थोड्यांना आठवतं.

विरोध करणाऱ्यांकडे दाखवायला भरपूर होतं. त्या मानकात 'वर्ड ९५ सारखी जागा सोडा' अशा अर्थाची खूण होती. आता वर्ड ९५ कशी जागा सोडत होतं हे बाहेरच्या प्रोग्रॅमरनं कुठं जाऊन पाहायचं? आणि १९०० सालाचा किस्सा तर नामी. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमनं ते लीप मानलं होतं, आणि लोटसच्या फाइली आपल्याकडे नीट चालाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक जशीच्या तशी उचलली. एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे, आणि मानकातही त्याला जागा मिळाली. लिबरऑफिस आपली मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून करतं, म्हणजे १ मार्च १९०० नंतरच्या सगळ्या तारखा एक्सेलशी जुळतात. त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत मात्र दोघांत एका दिवसाचा फरक पडतो. एका प्रोग्रॅमची चूक दुसऱ्यानं सांभाळली, तिसरा ती वळसा घालून सांभाळतो आहे. सुसंगतता म्हणतात ती बरीचशी अशी असते.

तरी मायक्रोसॉफ्टची बाजू अगदीच लटकी नव्हती. जगभर वर्डच्या असंख्य जुन्या फाइली पडून होत्या, आणि त्या नव्या स्वरूपात आणताना कुणाच्या करारातलं कलम पुढच्या पानावर गेलं तर चालणार नव्हतं. ६००० पानांत भूतकाळाचं ओझं आहे, पण ते भूतकाळाशी राखलेलं इमानही आहे. मला खटकतं ते पुढचं. मान्यता देताना या मानकाचे दोन प्रकार ठरले: नव्या कागदपत्रांसाठी 'स्ट्रिक्ट' आणि जुन्यांच्या सोयीसाठी 'ट्रान्झिशनल'. संक्रमणकाळ संपेल अशी अपेक्षा होती. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसला 'स्ट्रिक्ट' फाइल लिहिता येऊ लागली २०१३ च्या आवृत्तीत, आणि आजही तुम्ही काहीही न बदलता सेव्ह केलं तर फाइल 'ट्रान्झिशनल'च बनते.

आणि 'ओडीएफ'वाल्यांनीही फार पाठ थोपटून घेऊ नये. त्यांचं स्वरूपही ओपनऑफिस या एका प्रोग्रॅमच्या पोटातूनच आलेलं. पहिल्या काही आवृत्त्यांत स्प्रेडशीटची सूत्रं कशी लिहायची हेच त्यांनी नक्की केलं नव्हतं! परिणाम असा, की एप्रिल २००९ मध्ये ऑफिस २००७ ला 'ओडीएफ' उघडता येऊ लागलं, तेव्हा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये केलेली 'ओडीएस', म्हणजे 'ओडीएफ'मधली स्प्रेडशीटची फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर आकडे दिसत आणि सूत्रं गायब. बेरीज होती, बेरीज करणारं सूत्र नव्हतं. मायक्रोसॉफ्ट म्हणे, आम्ही मानक पाळलं आहे. मानकात सूत्रांबद्दल काही नाही. तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं ते. सूत्रांची व्याख्या आली 'ओडीएफ १.२' मध्ये, २०११ साली. म्हणजे 'आमचं स्वरूप खुलं आहे' या पाटीनं वापरणाऱ्याचं काम होत नाही. एका प्रोग्रॅममध्ये केलेली फाइल दुसऱ्यात उघडून, बदलून, पहिल्यात परत आली की काय उरतं, एवढं पाहावं. बाकी प्रमाणपत्रं भिंतीला लावायला बरी.

मराठी माणसाला खरं तर हे सगळं नव्यानं सांगायची गरज पडू नये. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे फाँट यांचा जमाना आपण भोगला आहे. तेव्हा फाइल बिनबोभाट उघडायची, पण आतली अक्षरं मराठी नसायचीच. रोमन अक्षरांच्या कोडांवर मराठी चित्रं चिकटवलेली असायची. तो फाँट नसला की 'महाराष्ट्र'च्या जागी डॉलर, अवतरणचिन्हं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं. प्रत्येक डीटीपीवाल्याकडे कन्व्हर्टर असायचा, आणि प्रत्येक कन्व्हर्टरचे स्वतःचे रुसवे. कुणी रफार पुढच्या अक्षरावर टाकायचा, कुणी 'ऱ्य' खायचा. आणि मराठीत ते परवडत नाही: दर्यात जहाजं असतात आणि दऱ्यांत करवंदं, आचार्यास दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यास मजुरी. मी संपादित केलेल्या एका स्मरणिकेत सगळ्या आचाऱ्यांचे आचार्य झाले होते. छापून आल्यावर कळलं.

त्यातून आपण बाहेर पडलो ते चांगल्या कन्व्हर्टरमुळे नव्हे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला सगळ्यांनी मान्य केलेला एकच क्रमांक मिळाला, आणि मोठ्या खरेदीदारांनी, छापखान्यांनी, शेवटी सरकारनं युनिकोड मागायला सुरुवात केली, म्हणून. तरी युनिकोडमध्येही 'दऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकदा नुक्त्याचा ऱ वापरून, एकदा साध्या र ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक देऊन. कागदावर दोन्ही सारखे, पण फाइलमध्ये एक शोधायला गेलं तर दुसरा सहसा सापडत नाही. मानकातही फटी राहतात, त्या बुजवत राहावं लागतं. फक्त त्या कुठं आहेत हे सगळ्यांना दिसावं.

म्हणून माझं म्हणणं असं, की फॉरमॅट निवडणं हा खरेदी विभागाचा किरकोळ निर्णय नाही आणि वापरणाऱ्याच्या आवडीचाही नाही. सरकार हा सगळ्यात मोठा खरेदीदार आहे आणि सगळ्यात जास्त अर्जही तेच मागवतं. भुर्दंडाची दिशा बदलायची ताकद त्याच्याकडेच आहे. ब्रिटननं जुलै २०१४ मध्ये जे ठरवलं ते मला शहाणपणाचं वाटतं: जे फक्त वाचायचं ते पीडीएफ किंवा वेबपानावर, आणि ज्यावर मिळून काम करायचं ते 'ओडीएफ'मध्ये. यातली पहिली फोड आपल्याकडे कुणी करतच नाही. आपण भरून पाठवायचा अर्ज, सही झालेला ठराव आणि कच्चा मसुदा या तिन्हींना 'वर्डची फाइल' म्हणतो. अर्जासाठी तर फाइल लागतच नाही. वेबवरचा साधा फॉर्म पुरतो.

भारताकडेही धोरण नाही असं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रानं ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. मानक स्वामित्वशुल्काविना असावं, आणि एका कामासाठी शक्यतो एकच असावं, हा त्याचा गाभा. पण धोरण दिल्लीत आणि टेबल तालुक्याला. टेबलावरच्या माणसाला शिकवलेलं असतं वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. आपल्या एमएस-सीआयटीतलं 'एमएस' महाराष्ट्र राज्याचं आहे, पण मायक्रोसॉफ्टचं समजणारे मला कितीतरी भेटलेत, आणि त्यांची फारशी चूकही नाही.

'सगळेच वर्ड वापरतात, मग उगाच कशाला?' हा प्रश्न येतोच. वापरू देत की. वर्डला 'ओडीटी' उघडता येतं आणि लिहिताही येतं. कुणाचं वर्ड काढून घ्या असं मी म्हणत नाही. अर्ज घेणाऱ्या कार्यालयानं दोन्ही स्वरूपं घ्यावीत, आणि अर्ज विस्कटलेला दिसला तर तो परत पाठवण्याआधी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावा, एवढं एक परिपत्रक काढलं तरी माझे दोन तास वाचले असते. सॉफ्टवेअरच्या निविदेत एक अट घालावी: देवनागरी मजकूर, तक्ता, तळटीप आणि सुधारणांच्या खुणा असलेली फाइल दोन प्रोग्रॅमांतून ये-जा करून शाबूत राहिली पाहिजे. तपासायला अर्धा दिवस लागेल. आणि मंगल-कोकिळेच्या मापाचा एखादा मुक्त फाँट सरकारी पैशातून करून घेतला तर तो सगळ्यांच्याच कामी येईल.

एकट्यानं बदलून भागत नाही हेही मान्य. म्युनिक महापालिकेनं २००३ पासून लिनक्सचा प्रयोग केला, बऱ्याच अंशी तडीस नेला, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. कारणं अनेक होती, राजकारणही होतं. पण भोवतालची कार्यालयं वर्डच्याच फाइली धाडत असताना एका शहराला रोज उठून जुळवाजुळव करावी लागत होती, हे त्यातलं एक. आता जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य सुमारे ३०,००० कॉम्प्युटर लिबरऑफिसवर नेतं आहे. राज्य म्हटल्यावर निदान स्वतःची खाती तरी एकमेकांना तीच फाइल धाडतील.

'आता सगळं गूगल डॉक्समध्ये असतं, फाइलचा जमाना गेला' असं तरुण मित्र सांगतात. तिथं तर फाइलच नसते. कॉम्प्युटरवर 'जीडॉक' नावाचं जे दिसतं ते आत फक्त दुवा घेऊन बसलेलं असतं. मजकूर दुसऱ्याच्या घरी. आपल्या हातात विस्कटलेली का होईना, फाइल होती.

तर त्या अर्जाचं. अनुदानाचं पत्र आणायला गेलो तेव्हा त्या कारकुनाला सहज विचारलं, डॉक्सच का लागतं हो? तुम्ही त्यात काही दुरुस्ती करता का? ते म्हणाले, "छे, अर्जात आम्ही कशाला हात लावतोय? प्रिंट काढतो, साहेबांची सही-शिक्का घेतो, आणि स्कॅन करून पीडीएफ अपलोड करतो." आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी आमचा अर्ज दाखवला. तक्ता पानात बसला होता. पान मात्र स्कॅनरमध्ये थोडं तिरकं गेलं होतं.